फोन घरी ठेवून जाऊ का?

पत्र थोडक्यात असं: चाळिशीतल्या एक वाचक गेल्या वर्षी नवरा आणि मुलासोबत व्हिएन्ना आणि प्रागला जाऊन आल्या. परत आल्यावर फोनमध्ये दोन हजारांच्या वर फोटो निघाले, पण मनात फारसं काही उरलेलं नाही असं त्यांच्या लक्षात आलं. क्लिम्टचं 'द किस' हे चित्र पाहायला त्या गर्दीत उभ्या राहिल्या, त्याचे भरपूर फोटो काढले, आणि नंतर कुणी विचारलं की चित्र केवढं आहे, तर त्यांना सांगता येईना. त्या दिवसांतला स्क्रीन टाइम रोजचा सहा तासांच्या आसपास. आईला दिवसातून दोन-तीन व्हिडिओ कॉल, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो, ऑफिसच्या ग्रुपवर 'नुसती नजर टाकणं'. शिवाय 'तिकिटं, हॉटेलं, नकाशा सगळं माझ्याच फोनमध्ये असतं.' संध्याकाळी हॉटेलवर फोन बाजूला ठेवला की नवरा-बायकोला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो पुन्हा हातात येतो. परतीच्या विमानात नवरा म्हणाला, 'तू आमच्याबरोबर आलीच नव्हतीस.' ते वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. पुढच्या महिन्यात तिघं जपानला निघालेत. आपला फोन घरीच ठेवायचा, फार तर साधा कीपॅडचा फोन न्यायचा, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंय. 'हे जमेल का, की मी फार टोकाचा विचार करतेय?' असा त्यांचा प्रश्न. ता. क. 'मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या फोनचं काय करू?'

नमस्कार,

फोन न्या. उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर हे वाचून होईपर्यंत तुम्ही कीपॅडचा फोन विकत घेऊन याल. जुन्या धाटणीचा टूजी फोन जपानमध्ये शोभेपुरताच उरेल, कारण तिथली टूजी सेवा २०१२ सालीच गुंडाळली गेली. पण तो चालला असता तरी मी नको म्हटलं असतं. जपानमधल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्त्यात आधी वस्तीच्या भागाचा आकडा, मग घरांच्या गटाचा, मग इमारतीचा. आणि शेजारशेजारच्या इमारतींचे आकडे ओळीने असतीलच असं नाही. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायची दोनशेहून जास्त दारं आहेत. अशा ठिकाणी सामान ओढत, पोराला घेऊन, नकाशाशिवाय हॉटेल शोधायचं म्हणजे ज्या शांततेसाठी एवढा त्याग केला ती पहिल्याच संध्याकाळी संपणार.

आणि भूकंप. जपानमध्ये भूकंपाची सूचना मोबाइल नेटवर्कवरून फोनवर येते, कधी कधी मोठा धक्का बसायच्या काही सेकंद आधी. परदेशी पाहुण्यांसाठी तिथल्या पर्यटन खात्याच्या देखरेखीखाली केलेलं 'सेफ्टी टिप्स' नावाचं ॲप आहे, ते निघण्यापूर्वी उतरवून घ्या. फोन घरी असेल किंवा दिवसभर विमान मोडवर असेल तर यातलं काहीच तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

ज्यांचा बेत दुसऱ्या देशाचा आहे त्यांनाही हेच सांगेन. रायनएअर या विमान कंपनीने नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद केले. चीनच्या शहरांत बहुतेक व्यवहार फोनवरून होतात. फोनशिवाय प्रवास करण्यात एक वेगळी मजा असेलही, पण आता बऱ्याच देशांचा कारभार पाहुण्याकडे फोन असणारच हे धरून चालतो.

आता तुमच्या सहा तासांकडे येते. तो आकडा पाहून तुम्ही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. पण त्या सहा तासांत काय काय आहे ते पाहिलंत का? कुठली ट्राम, कुठला थांबा, संग्रहालय सोमवारी उघडं असतं की नाही, पाटीवर काय लिहिलंय, हॉटेलात किती वाजता पोचायचं, हे सगळं त्यात आहे. तुम्हीच सहज लिहून गेलात की तिकिटं, हॉटेलं, नकाशा सगळं तुमच्याच फोनमध्ये असतं. म्हणजे तिघांच्या सहलीचं ऑफिस तुम्ही चालवत होतात. तुमच्या मिस्टरांना मान वर करून इमारती न्याहाळता आल्या, कारण कुणीतरी मान खाली घालून पुढची ट्राम शोधत होतं.

हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. माहिती म्हणून मात्र जरूर सांगा, कारण बहुधा त्यांच्या हे लक्षातच आलेलं नसेल. मला वाटतं तुमच्याही आलेलं नाही. फोनवर घालवलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असा आपला एक हिशोब होऊन बसलाय. तसा हिशोब लावला की घरातला जो माणूस सगळ्यांची सोय बघतो, तोच सगळ्यात मोठा व्यसनी ठरतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत तो माणूस बहुतेक वेळा बाईच असते, हेही नोंदवून ठेवते.

म्हणून माझी पहिली सूचना फोनच्या सेटिंगची नाही, कामाच्या वाटणीची आहे. रोज एकाने वाटाड्या व्हायचं. आज तुम्ही, उद्या ते, परवा मुलगा. वाटाड्याच्या फोनवर नकाशा आणि नेट चालू. बाकीच्या दोघांचा मोबाइल डेटा बंद, नेटवर्क मात्र चालू, म्हणजे फोन लागेल आणि धोक्याची सूचनाही येऊ शकेल. वाटाड्या चुकला तर इतरांनी आपापला फोन काढायचा नाही, ही यातली महत्त्वाची अट. चुकायचं. जपानमध्ये स्टेशनांजवळ आणि चौकाचौकांत 'कोबान' नावाच्या छोट्या पोलिस चौक्या असतात. तिथे त्या भागाचा नकाशा असतो, आणि लोक तिथे जाऊन पत्ता विचारतात ही अगदी रोजची गोष्ट आहे. हॉटेलचं नाव-पत्ता जपानी लिपीत छापलेला एक कागद प्रत्येकाच्या खिशात असू द्या, म्हणजे भाषेची अडचण येणार नाही.

नकाशा पाहायचा तो थांबून, कडेला उभं राहून. योकोहामाजवळच्या यामातो शहराने २०२० मध्ये रस्त्यावर चालता चालता फोन पाहायला मनाई करणारा नियमच केला. दंड ठेवला नाही, पण नियम केला. होनोलुलूत २०१७ पासून रस्ता ओलांडताना फोनकडे पाहिलं तर दंड होतो. कायदा बाजूला ठेवला तरी ही सवय मला फार उपयोगाची वाटते. चालताना चालायचं, पाहायचं असेल तेव्हा थांबायचं. एवढ्यानेच निम्मं काम होतं, कारण थांबणं कंटाळवाणं असतं आणि विनाकारण कुणी थांबत नाही.

ही सगळी कामं वजा केल्यावर जे तास उरतील, ते खरं दुखणं. ते किती आहेत हे निघण्यापूर्वी घरीच आठवडाभर तपासा. एकूण तासांचा आकडा सोडून द्या; फोन दिवसातून किती वेळा उचलला ते पाहा. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये आणि अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये हे कळतं, आणि उचलल्यावर सगळ्यात आधी काय उघडलं तेही आयफोन दाखवतो. बऱ्याचदा सुरुवात अगदी साळसूद असते. किती वाजले ते पाहायला फोन काढला आणि तीन मेसेज वाचून, एकाला उत्तर देऊन तो परत ठेवला. मग किती वाजले ते पाहायला पुन्हा काढला. मनगटी घड्याळ घालून जा. इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट जाणवली. त्यात फोनपेक्षा माणसंच जास्त आहेत. आई, नातेवाईक, ऑफिसातले लोक. तुम्ही फोनला चिकटून होतात असं तुम्हाला वाटतं. मला दिसतंय की तुम्ही या सगळ्यांना कधी बोलून, कधी न बोलताच शब्द देऊन बसलात आणि सहलभर तो पाळत राहिलात. हे असंच असेल, तर फोन पेटीत कोंडून उपयोग नाही. शब्द तसाच राहील, आणि तो मोडल्याची बोच तुम्हाला क्योटोच्या बागेतही सुखाने बसू देणार नाही. तो शब्द ज्या माणसांना दिलाय त्यांच्याशी जाण्यापूर्वी बोलून सोडवून घ्यावा लागेल. हे काम ॲप करून देत नाही.

आईपासून सुरुवात करा. दिवसाला दोन-तीन व्हिडिओ कॉल त्यांनी मागितले होते, की तुम्हीच सुरू केलेत? 'आईलाही दाखवू या' ही भावना सुंदर आहे, पण राजवाड्यासमोर उभं राहून केलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये दाखवणाऱ्याला राजवाडा दिसत नाही आणि पाहणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही. बहुतेक आयांना राजवाडा नकोच असतो. मुलगी सुखरूप आहे ना, जेवली ना, एवढंच हवं असतं. त्यांच्यासमोर बसून ठरवा. सकाळी 'निघालो' असा एक ओळीचा मेसेज. रात्री ठरलेल्या वेळी हॉटेलवरून, बूट काढून, निवांत एक कॉल. वेळ ठरवताना तिथल्या आणि इथल्या घड्याळातला फरक त्यांना लिहून द्या. कुठल्या दिवशी कुठलं शहर, कुठलं हॉटेल, त्याचा फोन नंबर, हे मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात ठेवा. एखादे दिवशी फोन आला नाही तर किती वेळ वाट पाहायची आणि मग कुणाला विचारायचं, हेही ठरलेलं असू द्या. आईंची तब्येत नाजूक असेल तर मात्र त्यांचा आणि त्यांच्याजवळ असणाऱ्या माणसाचा नंबर फोनच्या 'व्यत्यय नको' (डू नॉट डिस्टर्ब) सेटिंगमधून वगळा, म्हणजे बाकी सगळं मुकं असताना तो वाजेल. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय फोनमध्ये असते. ती चालू ठेवली की मनावरचं ओझं बरंच उतरतं.

ऑफिसबद्दल फार लिहीत नाही. नुसती नजर टाकणं असं काही नसतं; टाकलेली नजर तासभर तिथेच अडकून राहते. रजेच्या काळात निर्णय कोण घेणार त्याचं नाव ग्रुपवर जाहीर करा आणि तो ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. व्हॉट्सॲपमध्ये २०२१ पासून अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला तरी तिथेच राहतो, वर डोकं काढत नाही. ग्रुप नुसता म्यूट केला तर आवाज जातो, पण डोळ्यांसमोरची वाढती संख्या जात नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपचं प्रकरण जास्त नाजूक, कारण तिथे प्रेमही आहे आणि थोडं मिरवणंही आहे. मिरवण्यात मला काही गैर वाटत नाही. प्रश्न आहे तो मिरवायच्या वेळेचा. बाराश, झाउबरमन आणि डील या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणाऱ्यांपेक्षा सोशल मीडियावर टाकायचे म्हणून फोटो काढणाऱ्यांना त्या अनुभवातून कमी आनंद मिळतो, कारण आपण लोकांना कसे दिसू ही चिंता मध्ये येते. म्हणजे ग्रुप तुमच्या खिशात नसतो, तुमच्या आणि समोरच्या गोष्टीच्या मध्ये उभा असतो. त्यावर तोडगा सांगते. दिवसा एकही फोटो पाठवायचा नाही. रात्री तिघांनी मिळून दिवसाचा एकच फोटो निवडायचा आणि तोच टाकायचा. निवडताना भांडण होईल. होऊ द्या. त्या भांडणात 'अरे, ते म्हातारे आजोबा आठवतात का?' असं निघत जातं आणि दिवसाची आपोआप उजळणी होते. शिवाय आपलं घर बंद आहे ही बातमी तासातासाला जगाला देण्यातही शहाणपण नाही.

आता त्या चित्राविषयी. 'द किस' १८० सेंटीमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. माणसाच्या उंचीचं. व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळानेच २०१८ मध्ये या चित्राच्या प्रतिकृतीवर भलंमोठं लाल हॅशटॅगचं चिन्ह चढवून मोहीम काढली होती: क्लिम्ट पाहा, हॅशटॅग नको. म्हणजे त्या चित्रासमोर हे तुमच्या एकटीचं झालेलं नाही, शहराने दखल घ्यावी इतक्या लोकांचं झालंय.

पण इथे मला तुमची बाजू घ्यायची आहे. फोटो काढल्याने आठवण पुसली जाते, हे तुम्ही धरून चालला आहात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी एका कलासंग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, आणि २०१४ मध्ये छापून आलेला हा निष्कर्ष तेव्हापासून सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण कमी झाली नाही. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं, ऐकलेलं मात्र कमी. म्हणजे कॅमेरा लक्ष घालवतो असं सरसकट म्हणता येत नाही. तो लक्ष एका बाजूला ओढून नेतो. कुठल्या बाजूला, ते थोडंफार आपल्या हातात असतं.

तेव्हा फोटो बंद करू नका, क्रम बदला. आधी डोळ्यांनी पाहायचं, तेही कंटाळा येईपर्यंत. मग आपल्याला नेमकं काय आवडलं ते शोधायचं आणि तेवढ्याचाच फोटो काढायचा. 'द किस'मधली ती स्त्री फुलांच्या जमिनीच्या अगदी कडेवर गुडघे टेकून आहे, पायाची बोटं त्या कडेला रोवलेली. पूर्ण चित्राचा तुमच्यापेक्षा चांगला फोटो कुणीतरी आधीच काढून ठेवलाय. त्या पायाच्या बोटांचा फोटो काढला असतात तर चित्र आठवलं असतं असं मला वाटतं. फोटो झाल्यावर फोन आत ठेवून मिनिटभर नुसतं ऐकायचं, कारण जे निसटतं ते आवाजाचं.

क्योटोला जाणार असाल तर सांजूसांगेन्दो हे देऊळ चुकवू नका. शंभर मीटरहून लांब लाकडी सभामंडपात कान्नोन देवतेच्या १००१ मूर्ती आहेत, हजार ओळीने उभ्या आणि मधोमध एक मोठी बसलेली, आणि आत फोटो काढायला मनाई आहे. तिथून बाहेर आल्यावर तिघांनी तुलना करा की इतर देवळांपेक्षा इथलं काय वेगळं लक्षात राहिलं. मी निकाल आधीच सांगत नाही. कदाचित काही फरक पडणार नाही आणि माझी फजिती होईल.

हातांना काम हवं असतं हेही खरं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ मध्ये प्रेक्षकांना कॅमेरा बाजूला ठेवून चित्रं काढायला सांगितलं होतं, कागद-पेन्सिलसुद्धा दिली. चित्रकला येत नसेल तरी चालतं. वाकडीतिकडी रेघ ओढायलासुद्धा वस्तूकडे दहादा पाहावं लागतं. जपानमध्ये तर आयती सोय आहे. कितीतरी रेल्वे स्टेशनांवर त्या त्या गावाचा रबरी शिक्का ठेवलेला असतो, कुणीही वहीत मारून घ्यावा. देवळांमध्ये 'गोशुइन' मिळतो, म्हणजे शाईने हाताने लिहिलेली अक्षरं आणि वर लाल ठसा. त्यासाठी वेगळी वही मिळते आणि त्याचे पैसे द्यावे लागतात; पण देवळात आधी हात जोडून मग वही पुढे करायची, हा तिथला शिष्टाचार आहे. ट्रेनसाठी सुइका किंवा इकोकाचं प्लास्टिकचं कार्ड घेतलंत तर दर फाटकापाशी फोन काढायचीही गरज राहत नाही.

थोडं अवांतर. समोरच्या दृश्याकडे पाठ करून ते यंत्रात पाहण्याची खोड आपल्या पिढीने लावलेली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी 'क्लोद ग्लास' नावाचा काळपट, किंचित फुगीर आरसा खिशात घेऊन फिरत. डोंगर किंवा तळं दिसलं की त्याकडे पाठ करायची आणि आरशात ते चित्रासारखं मऊ, सावळं झालेलं पाहायचं. थॉमस ग्रे हे कवी १७६९ मध्ये सरोवरांच्या प्रदेशात फिरताना हा आरसा हातात धरून पाहता पाहता चिखलाच्या वाटेवर उताणे पडले. बोटांच्या पेरांना लागण्यावर निभावलं. तेव्हा 'हल्ली लोकांना नुसतं पाहताच येत नाही' असं कुणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नका.

आता संध्याकाळची गोष्ट. फोन ठेवला की आम्हाला काय बोलावं सुचत नाही, हे वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात जड वाक्य वाटलं. तरी लगेच त्याचा मोठा अर्थ काढू नका. परक्या शहरात दिवसभर चालून, अनोळखी भाषेच्या पाट्या वाचून, पोराची मर्जी सांभाळून रात्री आठला खोलीत आलेल्या दोन माणसांकडे बोलण्याची ताकद उरत नाही. तेव्हा अर्धा तास दोघांनी आपापला फोन पाहत पडून राहणं हा काही गुन्हा नाही. सहलीचा प्रत्येक क्षण भरभरून जगलाच पाहिजे असा हट्ट धरला की त्याचीही नोकरी होते. कंटाळा, थकवा, चिडचिड हे सगळं परदेशातही येतं. तो अर्धा तास उघडपणे, ठरवून घ्या. चोरून घेतला की त्याचे दोन तास होतात.

पण ही शांतता घरीही असते का? असेल, तर जपानकडून तिच्यावर इलाजाची अपेक्षा ठेवू नका. तिथे कुटुंबाने जायचं ते फिरायला, परीक्षा द्यायला जायचं नाही. फार तर एक करून पाहा. रात्री एकमेकांना विचारा की आज तू असं काय पाहिलंस जे मी पाहिलं नाही? एकाच रस्त्याने गेलेल्या माणसांनी वेगवेगळंच पाहिलेलं असतं, त्यामुळे या प्रश्नाला काहीतरी उत्तर निघतंच. आणि मिस्टरांचं ते विमानातलं वाक्य वर्षभर मनात घोळवण्यापेक्षा त्यांनाच विचारा की नेमकं कुठल्या वेळी त्यांना तुमची उणीव भासली. 'नेहमीच' असं उत्तर आलं तर एखादी वेळ सांगायला लावा. ती वेळ कळली की पुढच्या वेळी फोन कधी ठेवायचा हे तुम्हाला कुठल्याही नियमापेक्षा नेमकं कळेल. तक्रार म्हणून ऐकू आलेल्या वाक्यात कधी कधी नुसतं 'माझ्या बाजूला येऊन बस ना' एवढंच असतं, आणि ते नवऱ्यांना सरळ म्हणता येत नाही.

एकट्याने प्रवास करणाऱ्या वाचकांना यातलं बरंचसं लागू नाही. एकट्या माणसाचा फोन हा सोबतीही असतो. परक्या गावात एकटीने जेवताना मैत्रिणीशी गप्पा मारल्या म्हणून प्रवास वाया जात नाही. विश्वासातल्या एका व्यक्तीला आपलं लोकेशन दिसू द्या, बॅटरी राखून ठेवा, स्थानिक तातडीचे नंबर पाठ करा: युरोपीय संघात ११२, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमनासाठी ११९. आणि सगळ्यांसाठीच एक गोष्ट: बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम परदेशात चालू राहील का, हे निघण्यापूर्वी तपासा. फोन कमी वापरायच्या उत्साहात तेच सिम काढून घरी ठेवणारी माणसं असतात.

राहता राहिला मुलगा. त्याचा फोन काढून घेऊ नका. चौदाव्या वर्षी फोन काढून घेतला की सहलभर तो फोनचाच विचार करतो, आणि तुम्ही पहारेकरी होता. त्याला त्याचे वाटाड्याचे दिवस द्या, आणि त्या दिवशी 'अरे, डावीकडे असेल बघ' असं म्हणायचं नाही. शिक्क्यांची वही त्याच्याकडे द्या. दिवसाचा फोटो निवडताना त्याचं मत एक पूर्ण मत धरा. मुलं विचित्र गोष्टींचे फोटो काढतात, गटाराची झाकणं, वेंडिंग मशीन, झोपलेला गार्ड, आणि जपानमधली गटाराची झाकणं खरंच पाहण्यासारखी असतात. मित्रांशी बोलायला त्यालाही रात्रीचा अर्धा तास लागेल, जसा तुम्हाला लागतो. हे नियम तिथे पोचल्यावर त्याला ऐकवू नका. या रविवारीच तिघं बसून ठरवा. आणि त्याने तुमच्या फोनसाठी एखादा नियम सुचवला तर तो पाळावा लागेल, ही तयारी ठेवूनच बसा.